आपला डबा आपण उघडायचा नाही

साहेब, तुम्ही मला चोर ठरवलंत.

तो शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही, हे कबूल. तुम्ही सभ्य माणूस. तुम्ही फक्त म्हणालात, "बाई, मीठ कमी केलं असं इथं सगळ्याच सांगतात. घरी गेल्यावर हात सुटतो." आणि हसलात. डेपोच्या तपासणीच्या खोलीत आम्ही बायका बाकावर बसलो होतो, नवरे बाह्या वर करून भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या जिवाशी खेळणारी, चोरून मीठ घालणारी बाई. तुम्ही पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळायला घेतलात. तुमच्यापुरता विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

माझा नवरा बस चालवतो. चालवायचा, असं म्हणायला हवं खरं तर, पण जीभ रेटत नाही. डेपोत त्याला लोणी म्हणतात. त्याच्या बसमध्ये उभ्यानं चहा प्यावा, कप हिंदकळायचा नाही. म्हाताऱ्या बायका पुढची रिकामी बस सोडून देतात आणि त्याच्या बससाठी थांबतात. अशा माणसाचा रक्तदाब वर गेला आणि गोळीनं उतरेना, म्हणून तुम्ही त्याला स्टेअरिंगवरून उतरवलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बसमध्ये माणसं असतात. चालवताना त्याला घेरी आली तर काय होईल, एवढी अक्कल मलाही आहे. तुम्ही त्याला फाटकावर बसवलंत. बस आली की दांडा वर, बस गेली की दांडा खाली. पुढच्या तपासण्यांत आकडा उतरला तर स्टेअरिंग परत, नाही उतरला तर फाटक कायमचं. इथपर्यंत तुमचं बरोबर. पुढचं ऐका.

तुमच्या खात्यानं आमच्या वसाहतीत वर्ग ठेवला. दुपारी, हॉलमध्ये, फक्त बायकांसाठी. शिकवायला आलेली मुलगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. आम्ही तिला आहारताई म्हणायला लागलो. तिच्याबद्दल एक वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगते. तिनं फळ्यावर हृदय-बिदय काढलं नाही. पिशवीतून एक लहान चमचा काढला, त्यात मीठ भरलं, बोटानं सपाट केलं आणि म्हणाली, "मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात एवढं पुरे. आता तुम्ही मला सांगा, तुमच्या घरात मीठ कुठून कुठून येतं."

आम्ही म्हणालो, भाजीतून.

"आणखी?"

मग एकेक निघायला लागलं. लोणच्यातून. खाऱ्या बिस्किटांतून. बाटलीतल्या सॉसमधून, पाकिटातल्या तयार मसाल्यातून, सुक्या मासळीतून. "पावातून," ती म्हणाली. पावात मीठ? हो, पावातसुद्धा. तिचा चमचा केव्हाच भरून सांडला होता आणि भाजीला अजून कोणी हात लावला नव्हता.

तिनं आम्हाला घाबरवलं नाही. म्हणाली, एकदम तोडू नका, घरची माणसं ताट भिरकावतील. थोडं थोडं उतरवा. जिभेला सवय आपणच लावतो, आपणच काढायची. शिजताना घालू नका, शेवटी वरून घाला. कमी घातलं तरी जिभेला लागतं. लिंबू, लसूण, मिरी यांना कामाला लावा. आणि मिठाचं भांडं जेवायच्या जागेवरून उठवा, ते समोर असलं की हात आपोआप जातो.

मी उठवलं. लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली, ती अजून मला दुवा देते. सुरुवातीला माझं मलाच जेवण भिजवलेल्या कागदासारखं लागायचं. पण महिना सरला नसेल, शेजारणीकडची भाजी तोंडात घातली तर जीभ चरचरली. म्हणजे आहारताई खोटं बोलत नव्हती.

आता आमच्या घराचं गणित सांगते, कारण सगळी गोम त्यात आहे. नवरा सकाळी कोरा चहा पिऊन निघतो. दुपारचं जेवण डेपोत, संध्याकाळचंही डेपोत. दोन्ही डबे मी सकाळीच भरून देते. घरी येतो तो पेलाभर दूध पिऊन आडवा होतो. म्हणजे त्याच्या पोटात जातं ते सगळं माझ्या हातचं. मी असं धरून चालले होते. आहारताईही असंच धरून चालली होती. आणि साहेब, तुम्हीही.

डबे रोज चाटूनपुसून लख्ख यायचे. मला भरून यायचं. म्हणायचे, बिचारा एका शब्दानं कुरकुरत नाही.

मग ती तपासणी झाली. माझ्या नवऱ्याचा आकडा होता तिथंच, उलट किंचित वर. तुम्ही हात सुटतो ते वाक्य टाकलंत. त्याच्या मागे टायरवाला उभा होता. वर्कशॉपमध्ये चाकं बदलतो, हवा भरतो, दुरुस्त झालेली बस आवारात फिरवून बघतो, म्हणून त्यालाही तपासणी आहे. मागच्या खेपेला तुम्ही त्याला दम भरला होतात. या खेपेला त्याचा आकडा छान उतरला होता.

"शाबास," तुम्ही म्हणालात.

टायरवाल्याची जीभ कधी गप्प बसत नाही. "साहेब, टायरात हवा जास्त झाली तर मी पिन दाबून सोडतो. तुमच्याकडे असली पिन नाही का? आमच्या लोणीला लावा की."

सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि टायरवाल्याच्या बायकोकडे बोट दाखवून मला म्हणालात, "बघा, घर सांभाळणं याला म्हणतात. जरा यांच्याकडून शिका."

ती बाई स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मला वाटलं लाजतेय.

बाहेर पडल्यावर तिनं मला गाठलं. फाटकाच्या अलीकडे, तेलाच्या पिंपांच्या आडोशाला. "वहिनी, थांबा. रागावलात का?"

"तुझ्यावर कशाला रागावू? तू तुझं घर सांभाळलंस."

"कसलं डोंबलाचं सांभाळलं! मी त्या वर्गाला एकदाही आले नाही. माझी दुपारची शिफ्ट असते." ती मासळी खारवायच्या शेडमध्ये काम करते. दिवसभर मिठात हात, मिठात पाय. "मला तर खारट कशाला म्हणतात तेच कळेनासं झालंय. हे उलट म्हणतात, तुझ्या हातचं पाणीसुद्धा खारट लागतं. मी मीठ चिमूटभरही कमी केलेलं नाही."

"मग आकडा उतरला कसा?"

"तेच तर! मला झोप लागायची नाही आता. साहेब मला शाबासकी देतात आणि मी काय केलं ते मलाच ठाऊक नाही."

आम्ही दोघी हसलो. मग ती सहज म्हणाली, "अलीकडे डेपोतलं जेवण मात्र त्यांना आवडत नाही. परवा तोंडातून निघून गेलं. म्हणाले, आज पुन्हा तोच निळ्या चकतीचा डबा आला, कोण बाई आहे कोण जाणे, मिठाशी भांडण झालंय तिचं."

मी घरी बसून बसच्या सीटची कव्हरं शिवते. उरलेल्या निळ्या रेक्झीनची एक गोल चकती कापून मी आमच्या डब्यांच्या झाकणांना चिकटवली आहे, हात पोळू नये म्हणून. डेपोत अशी चकती दुसऱ्या कोणाच्या डब्याला नाही.

नवऱ्याच्या सुटीपर्यंत मी तोंड मिटून राहिले. माझ्यासाठी हे किती अवघड आहे, ते माझ्या सासूला विचारा. सुटीच्या दिवशी तो दुपारी गणवेशाला इस्त्री करत होता. फाटकावर गणवेशाची सक्ती नाही, पण तो ड्रायव्हरचाच गणवेश घालून जातो, कडक घडीचा. मी सुईत दोरा ओवत विचारलं, "माझा डबा कोण खातं?"

इस्त्री जागच्या जागी थांबली.

"कोण म्हणजे?"

"सरळ विचारतेय, सरळ सांग."

"कापड जळेल," असं म्हणून त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. मग कॉलर निरखू लागला, जणू ती पहिल्यांदाच बघतोय. "टेबलावरचं टेबलावर राहतं. तसा नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. तुझी बस गेली, कळतंय का तुला?"

तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा कळलं की डेपोत जेवतात कसे. विश्रांतीच्या शेडमध्ये एक लांब टेबल आहे. जेवायच्या वेळी जो येईल तो आपला डबा टेबलाच्या मधोमध ठेवतो. सगळे डबे जमले की प्रत्येकानं एक उचलायचा. आपला सोडून कोणताही. आपला डबा आपण उघडायचा नाही. कोणाच्या डब्यात काय निघालं ते टेबलावरून बाहेर न्यायचं नाही, घरी तर नाहीच नाही. हा नियम आत्ताच्या फोरमनकाकांच्या आधीच्या फोरमनपासून चालत आलाय.

आता माझं जेवण अळणी झाल्यावर ते काय होणार? चतुर माणसं निळी चकती दिसली की हात बाजूला न्यायची. टायरवाला कोपरापर्यंतचं ग्रीस धुऊन येतो, म्हणून नेहमी शेवटचा. शेवटी उरलेला डबा त्याचा. दुपारी तोच, संध्याकाळी तोच. आणि माझ्या नवऱ्याच्या वाट्याला एका कंडक्टरच्या आईचं झणझणीत, नाहीतर मासळीच्या शेडमधलं खारवलेलं. माझ्या मेहनतीनं दुसऱ्याच माणसाचा रक्तदाब उतरला होता.

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"मला वाटलं गोळी करेल काम. आणि तू इतकी जीव लावून अळणी करत होतीस, तुझ्या तोंडाकडे बघून सांगवेना."

"वा! म्हणजे माझं मन राखायला स्वतःचं डोकं फोडून घेणार होतास?"

"अगं..."

"अगं-बिगं काही नाही. उद्यापासून आपला डबा आपण खायचा. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग. म्हणावं बायको खाष्ट आहे."

"ते त्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. हसला नाही मात्र. "तू दवाखान्यात होतीस ते वर्ष आठव. मी डब्यात काय नेत होतो, माहिती आहे?"

"काय?"

"काही नाही. रिकामा डबा, झाकण घट्ट लावून. ढिगात ठेवायचो. ज्याच्या हाती यायचा तो उघडायचा, तसाच बंद करायचा आणि शेजारच्याच्या डब्यात हात घालायचा. एक शब्द नाही. कोणाचा म्हणून विचारणं नाही. तू घरी येईपर्यंत मी असा जेवलो. रोज पोटभर जेवलो. आता मला बरं नाही म्हणून मी माझा डबा ओढून कोपऱ्यात बसू? आणि त्या दिवशी कोणाचा रिकामा असला तर?"

मी भांडायच्या तयारीनं बसले होते, साहेब. भांडण तिथंच संपलं. राग मात्र शिल्लक राहिला आणि तो ठेवायचा कुठे ते कळेना.

म्हणून मी तुमच्या कचेरीत आले. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही सह्या करत होतात. मी उभ्यानं सगळं सांगितलं, टेबल, डबे, टायरवाला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग सोपं आहे की. नवऱ्याला सांगा, आपला डबा आपण खा."

मी म्हटलं, तो खाणार नाही, आणि का खाणार नाही तेही सांगितलं.

"हा आरोग्याचा कार्यक्रम आहे, बाई. डेपोतले रीतिरिवाज सांभाळायचा नाही."

"मग त्या टेबलावरच्या माणसांचा एक वर्ग घ्या. आम्हाला शिकवलंत तसं त्यांनाही शिकवा."

"वर्ग गृहिणींसाठी असतो. स्वयंपाक कोण करतं? तुम्हीच ना?"

"करतो आम्ही. खातं कोण?"

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. मी समजायचं ते समजले.

पुढच्या वर्गाला आहारताई आली तेव्हा तिला हॉलच्या पायऱ्यांवर बसवून हेच सांगितलं. ती ऐकता ऐकता गंभीर होत गेली. मग म्हणाली, "म्हणजे डबा कोण खातं, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

"कोणाच्या डोक्यात येणार असलं काही?"

"माझ्या यायला हवं होतं. मला त्याचाच पगार मिळतो." आणि लगेच, "टेबलावर बाहेरच्या माणसाला बसू देतात का?"

ती स्वतःच्या सुटीच्या दिवशी आली. मी बरोबर होते. शेडमध्ये शिरलो तर पत्र्याखाली ऊन तापलेलं, भिंतीला जुने टायर रचलेले, आणि टेबलाच्या मधोमध डब्यांच्या ढिगाशेजारी जॅमची एक काचेची बरणी, मिठानं काठोकाठ भरलेली. चमचा कोणी पळवू नये म्हणून तारेनं बांधलेला. आम्हाला बघताच गलका उठला.

"आली रे आली, मीठबंदी आली!"

"ताई, अळणी खाऊन जास्त जगायचं, पण जगून करायचं काय?"

"तुझं लग्न झालंय ना? मग तुला सवय आहे."

"लोणी, वहिनींना घेऊन आलास? आता तुझी धडगत नाही."

माझा नवरा कानापर्यंत लाल झाला. फोरमनकाका टेबलाच्या टोकाला बसले होते, डोक्यावर केस नाहीत पण भुवया मात्र ब्रशसारख्या. ते म्हणाले, "बसा. पण आधीच सांगतो, टेबलाचा नियम मोडणार नाही. कोण आजारी, कोण धडधाकट, ते इथं चालत नाही."

आहारताईनं पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि ढिगात ठेवला. मीही माझा ठेवला. मग काकांनी मान डोलावली आणि सगळ्यांचे हात पुढे आले.

आहारताईच्या हाती कंडक्टरच्या आईचा डबा लागला. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले, तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पोरं टेबल बडवायला लागली. कंडक्टर म्हणाला, "माझी आई प्रेमानं करते हो." ती धापा टाकत म्हणाली, "प्रेम फारच आहे." पण तिनं डबा संपवला. मध्ये दोनदा पाणी मागितलं, कोणाला दोष दिला नाही.

फोरमनकाकांनी उचललेला डबा त्यांना भलताच आवडला. बटाट्याच्या फोडी, वर परतलेला लसूण, लिंबू पिळलेलं, खरपूस भाजलेले तीळ. डब्याचा तळ त्यांनी बोटानं पुसून घेतला आणि विचारलं, "आज कोणाच्या घरी पाहुणे आलेत?"

आहारताई म्हणाली, "काका, कोणाचा डबा ते विचारायचं नसतं ना?"

काकांच्या भुवया वर गेल्या. टायरवाला ओरडला, "काका, बिनमिठाचा खाल्लात! तुमची हवा गेली!"

"मीठ आहे," ती म्हणाली. "चिमूटभर. शेवटी वरून घातलेलं."

मग ती बोलली, तेही बसूनच, हातात रिकामा डबा धरून. "हा नियम मोडा असं सांगायला मी आलेले नाही. असा नियम मी दुसरीकडे पाहिला नाही. पण इथं कोणी एकटा जेवत नाही, म्हणून एकट्याचं मीठ कमी करून भागणार नाही. एकाच्या घरून आलेलं मीठ दुसऱ्याच्या रक्तात जातं. उतरवायचं तर सगळ्या टेबलाचं उतरवावं लागेल. आणि ते तुम्ही तुमच्या घरी जाऊन सांगायला हवं, कारण तुमच्या घरच्यांना वाटतं त्या तुमच्यासाठी रांधतात."

कंडक्टर खाली बघून म्हणाला, "माझंही वर असतं. गोळी खिशात ठेवतो. आईला माहीत नाही, ती रडत बसेल." त्याच्या पलीकडचा रंगारी म्हणाला, "माझंही." आणखी एकानं नुसतं बोट वर केलं. माझ्या नवऱ्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू रोज शेजारी बसणारी ही माणसं आज कुठून उगवली.

काका उठले. जॅमची बरणी तारेसकट उचलली आणि वंगणाच्या डब्यांच्या फळीवर नेऊन ठेवली. "ज्याला लागेल त्यानं उठून तिथवर जायचं," म्हणाले. पाय दुखणारी माणसं कशाला उठतात!

आहारताई दर सुटीला यायला लागली. कोणाच्या घरून काय येतं ते बघून त्या त्या माणसाला सांगायची: पाकिटातला मसाला अर्धाच टाका, मासळी रात्रभर भिजवा आणि पाणी ओतून द्या, पाव आणलात तर सोबत खारं काही नको. ही पुरुष माणसं लहान मुलांसारखी लक्ष देऊन ऐकायची. घरी जाऊन भांडायचीही. रंगारी तर स्वतःच चुलीपुढे उभा राहायला लागला. टायरवाल्याची बायको शेजारणीला चव घ्यायला बोलावते, कारण तिचा तिच्या जिभेवर भरवसा नाही. कंडक्टरची आई तेवढी बधेना. "माझ्या हातचं खाऊन एवढा घोडा झालास, मेलास का?" असं त्याला सुनवायची. आहारताई म्हणाली, "मी येते त्यांना भेटायला."

ती गेलीच नाही. तुम्ही तिला बोलावून घेतलंत. ठरवून दिलेल्या कामाच्या बाहेर गेली, परवानगीशिवाय डेपोत शिरली, गृहिणींचा वर्ग सोडून पुरुषांत जाऊन बसली. तिला तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वसाहतीत पाठवलंत आणि आमच्या डेपोत पाऊल टाकायचं नाही असं लेखी दिलंत. तिनं मला फोन केला. "रागावू नका," म्हणाली. मी कोणावर रागावू नको, ते तिनं सांगितलं नाही.

ती गेल्यावर टेबल मध्येच लटकलं. काही डबे उतरले, काही जुन्या वळणावर गेले, आणि उरलेल्यांना कोणी धड सांगणारं नाही. एकानं तर मीठ कमी केलं आणि त्याची भरपाई सॉसनं केली. त्याला वाटलं सॉस म्हणजे टोमॅटो. चूक त्याची नाही. आहारताई असती तर तिनं बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली असती.

परवा पुन्हा तपासणी झाली. माझ्या नवऱ्याचा आकडा उतरलाय. फाटकावर बसल्यापासून पहिल्यांदा उतरला. पण तुमच्या रेषेच्या अजून वर आहे. तुम्ही म्हणालात, "सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. शेवटची संधी देतो."

त्याच्या मागे टायरवाला. त्याचा थोडा चढला होता. चढणारच. निळ्या चकतीचा डबा आता एकट्या त्याच्या वाट्याला येत नाही. बाकीच्यांच्या जिभेलाही तो चालायला लागलाय. हे तुम्हाला कसं कळणार? तुम्ही त्याच्या बायकोवर चष्मा रोखलात. "बाई, मागच्या वेळी तुमचं कौतुक केलं आणि तुम्ही सैल पडलात?"

साहेब, त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा मीठ कमी केलं होतं. रोज मासळी दोनदा धुते, शेजारणीला दाराशी बोलावून चव बघायला लावते. केलं नव्हतं तेव्हा तुम्ही तिला शाबासकी दिलीत, आणि केलं तेव्हा झापलंत. ती रडली नाही. माझ्याकडे बघून खुदकन हसली, आणि मग मलाही हसू आवरेना. तुम्ही विचारलंत, हसण्यासारखं काय आहे?

मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही माणसं एकेकटी मोजता आणि ती जेवतात एकत्र."

भिंतीला टेकलेले सगळे सरळ झाले. फोरमनकाका म्हणाले, "बाई खरं बोलतेय. आमचं टेबल एक आहे. मोजायचं तर टेबल मोजा." कंडक्टरनं खिशातली गोळ्यांची पट्टी काढून तुमच्या समोर ठेवली. त्याच्या दृष्टीनं ते केवढं धाडस होतं ते तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही ती पट्टी पुन्हा त्याच्याकडे सरकवलीत आणि मला म्हणालात, "काय म्हणायचं ते लेखी द्या."

हे घ्या लेखी.

माझा नवरा आज फाटकावर आहे. बस आली की दांडा वर करतो आणि ड्रायव्हरनं वळण कसं घेतलं ते मान वळवून बघत राहतो. त्याच्यापाशी एक शेवटची तपासणी उरली आहे. माझा डबा मी सांभाळीन, त्याची काळजी तुम्ही करू नका. पण त्याच्या पोटात जाणार आहे ते कंडक्टरच्या आईनं केलेलं, मासळीच्या शेडमधलं, सॉसवाल्याच्या घरचं. आणि त्या घरांपर्यंत मी पोचू शकत नाही. पोचू शकत होती ती मुलगी, आणि तिला तुम्ही थांबवलंत. तिचा गुन्हा एवढाच की ती जिथं माणसं जेवतात तिथं गेली.

मला माफी नको. तुमच्या पुढच्या वर्गाचं आमंत्रणही नको, त्यातलं सगळं मला पाठ आहे. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय, आणि तेही शेवटच्या तपासणीच्या आधी: आहारताईला त्या टेबलावर परत कधी पाठवता? पाठवणार नसाल, तर का नाही, ते टेबलाशी येऊन, सगळ्यांच्या तोंडावर सांगाल का?